बाबांच्या आरएक्सला नवे बूट

मंडळी, एक प्रश्न. उत्तर अगदी खरं खरं द्यायचं. सिग्नलला शेजारी एखादी नवीकोरी बाइक येऊन थांबते, तेव्हा तुमची नजर आधी कुठे जाते? टाकीवर? हेडलाइटवर? की चालवणाऱ्यावर? (शेवटचं उत्तर देणाऱ्यांनी सरळ पुढच्या पानावरचं राशिभविष्य वाचावं!) माझी नजर जाते मागच्या टायरवर. तो जाडजूड, काळाकुट्ट, रस्ता गिळायला बसल्यासारखा टायर दिसला, की मन कसं भरून येतं. आणि मग मी खाली, माझ्या गाडीकडे बघतो...

माझी गाडी म्हणजे बाबांची यामाहा आरएक्स १००. १९९३ ची. आणि तिचे टायर? हिंजवडीत आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये एका नव्या ट्रेनीने त्यांचं एका वाक्यात वर्णन करून टाकलं. ‘‘सर, इंजिन भारी आहे, पण टायर सायकलचे का लावलेत?’’

झालं! अप्रेझलमध्ये ‘मीट्स एक्स्पेक्टेशन्स’ मिळाल्यावरही एवढं लागलं नव्हतं. त्या संध्याकाळी स्टँडअप मीटिंगमध्ये सगळे डेडलाइनबद्दल बोलत होते आणि मी मनातल्या मनात टायर बदलत होतो.

आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे. जुन्या गाडीला रुंद चाकं आणि नवं सस्पेन्शन बसवायचा किडा तुमच्याही डोक्यात वळवळत असेल, तर शेवटपर्यंत वाचा. माझी चूक फुकटात मिळतेय. मला ती बरीच महाग पडली.

९८ सीसीची इस्टेट

ज्यांना आरएक्स माहीत नाही अशा दोन-चार अभाग्यांसाठी थोडी ओळख. १९८५ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाच्या साथीने ही गाडी भारतात आणली आणि १९९६ पर्यंत ती बनत होती. इंजिन ९८ सीसी, टू-स्ट्रोक, ताकद ११ बीएचपी. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण गाडीचं वजन जेमतेम शंभर किलोच्या घरात. त्यामुळे सिग्नल सुटला की ती अशी काही सुटायची, की मोठमोठ्या गाड्या आरशात दिसायच्या. आणि तो आवाज! आमच्या सोसायटीत बाबा गल्लीच्या तोंडाशी आले की आई कुकर लावायची.

बाबांनी ती ओव्हरटाइमच्या पैशांतून घेतली. माझी शाळा, आजीची औषधं, ताईचं लग्न, सगळं तिच्यावरून झालं. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली. ‘‘वापर. पण अधूनमधून मलाही दे,’’ एवढंच म्हणाले. आमच्याकडे इस्टेट म्हणावी अशी हीच.

जाडी आली कुठून?

आपल्याला रुंद टायर आवडायला लागले, हेही तसं अलीकडचंच. २००८ मध्ये यामाहाचीच एफझी आली, मागे १४०/६०-१७ चा रेडियल टायर घेऊन. दीडशे सीसीच्या गाडीला एवढा जाड टायर आपल्या रस्त्यांवर तोवर कोणी पाहिलाच नव्हता. मग २०१२ मध्ये चाकणहून केटीएमची ड्यूक २०० आली. मागे १५० मिलिमीटरचा टायर, पुढे ४३ मिलिमीटरचे उलटे, म्हणजे अपसाइड-डाउन फोर्क. बस्स! त्यानंतर जुनी गाडी एकदम कुपोषित वाटायला लागली.

आता आकड्यांचा अर्थ बघू या, कारण पुढे ते लागणार आहेत. आरएक्सला पुढे २.५०-१८ आणि मागे २.७५-१८. यातला पहिला आकडा टायरची रुंदी इंचात, दुसरा रिमचा व्यास, तोही इंचात. म्हणजे मागचा टायर साधारण ७० मिलिमीटर रुंद. नव्या पद्धतीत १००/९०-१८ लिहिलं असेल तर रुंदी १०० मिलिमीटर, टायरची उंची रुंदीच्या ९० टक्के आणि रिम १८ इंची. सोपं आहे. मला त्या वेळी यातलं काहीही माहीत नव्हतं. मला फक्त ‘जाड’ हा शब्द माहीत होता.

शनिवारी दुपारी, कार्ड स्वाइप!

गेलो एका चकाचक दुकानात. एसी, म्युझिक, भिंतीवर परदेशी बाइक्सचे पोस्टर्स. तिथल्या मुलाने आरएक्सकडे बघून ‘‘व्हिंटेज! रिस्पेक्ट!’’ म्हटलं आणि मी विरघळलो. मागे १००/९०-१८ टायर, तोही जुन्याच रिमवर. मागचे दोन्ही शॉकअप नवे, सोनेरी, बाजूला छोटी टाकी लटकवलेले. ‘‘हे जड गाडीचे आहेत सर, मजबूत. थोडे लांब आहेत, पण लुक येतो.’’ लुक येतो म्हटल्यावर आपण काय बोलणार? दोन तासांत काम फत्ते. फोटो काढले, मित्रांना पाठवले, लाइक्स मोजले.

खरं सांगतो, पहिले चार दिवस हवेत होतो. मग बारीकसारीक गोष्टी जाणवायला लागल्या. मेन स्टँडवर लावली तरी मागचं चाक जमिनीला टेकलेलंच. साइड स्टँडवर गाडी इतकी कलायची, की पार्किंगमधला वॉचमन ती पडेल म्हणून हात धरून उभा राहायचा. पिकअप गेला. सिग्नलला ज्या स्कूटर्स मी मागे टाकायचो, त्या आता माझ्याकडे वळून बघायला लागल्या. वळणावर हँडल आधी नको तितकं हलकं, आणि मग गाडी आडवी व्हायलाच तयार नाही. स्पीडब्रेकरवर मागून असा दणका, की लॅपटॉपच्या आधी मीच हँग व्हायचो.

मी स्वतःची समजूत घालत होतो. सवय होईल. नवे बूट नाही का चावत सुरुवातीला?

मग एका रविवारी सकाळी बाबांनी किल्ली मागितली. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांच्या मित्रांचा कट्टा असतो. दहा मिनिटांत ते परत आले, पण रिक्षाने. गाडी मागून एक मुलगा ढकलत आणत होता. चढावरच्या सिग्नलला गाडी थांबवली, पाय टेकवायला गेले, आणि पाय जमिनीपर्यंत पोहोचायच्या आधीच गाडी कलली. पडले ते ऑपरेशन झालेल्याच गुडघ्यावर.

सुदैवाने मोडलं काही नाही. पण गुडघा आठवडाभर सुजलेला होता. आई मला काहीच बोलली नाही. मराठी घरात आई काही बोलत नाही, याचा अर्थ काय असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. बाबा मात्र बर्फाची पिशवी गुडघ्यावर धरून एकच वाक्य बोलले, ‘‘अरे, तिने कधी पाडलं नव्हतं मला.’’

‘‘गाडी आहे की बकरी?’’

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि गाडी घेऊन नाना पेठेजवळच्या अण्णांकडे गेलो. अण्णा म्हणजे बाबांचे जुने मेकॅनिक. मी टाकीवर बसून यायचो तेव्हापासून मला ओळखतात. त्यांनी गाडीकडे लांबूनच पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

‘‘काय केलंस रे हे? गाडी आहे की बकरी? मागून उचललेली!’’

मग त्यांनी मेजर टेप काढला आणि पुढच्या अर्ध्या तासात मला जे शिकवलं, ते मी तुमच्यासाठी जसंच्या तसं देतोय.

पहिली गोष्ट, उंची. २.७५ चा टायर काढून १००/९० लावला की चाकाचा व्यास सुमारे ४० मिलिमीटरने वाढतो. म्हणजे मागचा एक्सल जमिनीपासून २० मिलिमीटर वर. त्यात नवे शॉकअप इंचभर लांब. एकूण मागची बाजू चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर उचलली गेली. सीटवर हे अंतर थोडं कमी होतं, तरी इंचभर उंची वाढलीच. बाबांच्या पायाला जमीन मिळाली नाही, ती त्या एका इंचामुळे.

दुसरी गोष्ट, कोन. मागची बाजू उचलली की पुढचा फोर्क सरळ उभा होतो. आरएक्सच्या दोन चाकांमधलं अंतर १२४० मिलिमीटर. या मापाला साधारण २२ मिलिमीटरचा फरक पडला की फोर्कचा कोन एका अंशाने बदलतो. माझ्या गाडीत झाला होता जवळजवळ दोन अंश. हँडल वळवायची रेघ जमिनीला जिथे टेकते, त्याच्या थोडं मागे पुढचं चाक टेकतं. हे अंतर गाडीला सरळ धरून ठेवतं. बाजारातल्या ट्रॉलीची चाकं कशी आपोआप मागे वळून सरळ धावतात, तसंच. फोर्क उभा झाला की हे अंतर कमी होतं आणि हँडल भिरभिरं होतं.

तिसरी गोष्ट, रिम. अण्णांनी मागे उकिडवं बसून टायर दाखवला. ‘‘बघ, बल्बसारखा झालाय.’’ माझ्या रिमवर १.६० कोरलेलं आहे, म्हणजे आतली रुंदी १.६० इंच. १०० मिलिमीटरच्या टायरला निदान २.१५ ची रिम लागते. अरुंद रिमवर तो चिमटला जातो, मधून फुगतो, कडा आत ओढल्या जातात. वळणावर टायर ज्या कडेवर टेकायला हवा, तिचा आकारच बिघडलेला. वर इतका रुंद, की चेन कव्हरला घासल्याची खूणही अण्णांनी दाखवली.

चौथी गोष्ट, पिकअप. चाक मोठं झालं म्हणजे एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते, जवळजवळ साडेसहा टक्के. हे म्हणजे स्प्रॉकेट बदलून गिअर लांब केल्यासारखंच. २५ बीएचपीच्या ड्यूकला ते जाणवलं नसतं. ११ बीएचपीला जाणवतं!

‘‘पण अण्णा, जाड टायरने ग्रिप तर वाढते ना?’’ माझा शेवटचा केविलवाणा प्रयत्न.

‘‘किती जागा रस्त्याला टेकते, ते मुख्यतः गाडीचं वजन आणि टायरमधली हवा ठरवते. टायर रुंद केलास की तो तुकडा लांबटचा आडवा होतो, दुप्पट नाही होत. ज्या गाडीला ताकद खूप, टायर तापतो खूप, तिला रुंद टायर हवाच. तुझ्या गाडीला काय करायचाय?’’ आणि आणखी एक. गाडी वळणावर कलते तेव्हा रुंद टायर मधल्या रेघेपासून बराच बाजूला टेकतो. त्यामुळे तेच वळण त्याच वेगाने घ्यायला गाडी जरा जास्त कलवावी लागते. ती आडवी व्हायला तयार नाही असं मला वाटायचं, ते यामुळे.

उड्या कोण मारतं?

आता सोनेरी शॉकअप. त्यांची शिकवणी वेगळी झाली.

सस्पेन्शनमध्ये दोन कामगार असतात. स्प्रिंग गाडीला उचलून धरते आणि खड्डा आला की दबते. डॅम्पर म्हणजे आतलं तेल आणि त्याची भोकं किंवा व्हॉल्व्ह. दबलेली स्प्रिंग परत उसळते तेव्हा तिला आवरायचं काम त्याचं. स्प्रिंग एकटी असेल तर गाडी झोक्यासारखी हलत राहील. जड गाडीची स्प्रिंग हलक्या गाडीला लावली, तर ती दबतच नाही. खड्ड्यावर चाक वर जायच्या ऐवजी अख्खी गाडी उडते, आणि हवेत असलेल्या टायरला कसली आलीये ग्रिप? माझे मजबूत शॉकअप नेमकं हेच करत होते.

मग नवं सस्पेन्शन वाईट का? अजिबात नाही. जुन्या शॉकअपमध्ये तेल आणि हवा एकत्र घुसळून फेस होतो, आणि खराब रस्त्यावर पाच मिनिटांत डॅम्पिंग मंदावतं. नव्या प्रकारात आत नायट्रोजन दाबाने भरलेला असतो, त्यामुळे तेलाचा फेस होत नाही. पुढच्या फोर्कमध्येही तेच. आरएक्सच्या काळात तेल ठरलेल्या भोकांतून जायचं. सावकाश आलेल्या उंचवट्याला ठीक, पण अचानक आलेल्या खड्ड्याला तेल पटकन जातच नाही, म्हणून मनगटाला झटका. नव्या चांगल्या फोर्कमध्ये पातळ पत्र्यांचे व्हॉल्व्ह असतात, धक्का जोराचा आला की ते जास्त उघडतात. फरक खरा आहे. फक्त तो तुमच्या गाडीच्या वजनाला आणि मापाला जुळलेला हवा.

‘‘मोनोशॉक करू या का मग?’’ मी विचारून पाहिलं. अण्णांनी हातातला पाना टेबलावर ठेवला, म्हणजे प्रकरण गंभीर. आरएक्सचे दोन शॉकअप चिमट्याच्या टोकाशी, चाकाजवळ बसतात. एकच शॉकअप मध्ये आणला, की चिमटा तरफेसारखं काम करतो. चाक दोन इंच हललं तर शॉकअप एकच इंच हलतो, अशी रचना धरली, तर त्या एका स्प्रिंगला आधीच्या दोन्ही स्प्रिंग्जच्या बेरजेच्या चौपट कडक व्हावं लागतं. आणि हा सगळा जोर चासीच्या एका अशा जागी येतो, जिथे कंपनीने तो कधी धरलेलाच नव्हता. तिथलं वेल्डिंग घाटात सुटलं तर? मी विषय बदलला.

पाव इंचाचा मॉड

शेवटी आम्ही काय केलं? ऐका.

आधी न दिसणारी कामं. हँडलचा कोन सेट इतकी वर्षं ठोके खाऊन खाऊन खड्डे पडलेला होता, त्या जागी टेपर रोलर बेअरिंग. चिमट्याचे बुश नवे. फोर्क उघडला तर आतून तेलाच्या नावाखाली काळा चहा निघाला. ट्यूब सरळ आहेत का ते लेथवर फिरवून बघितलं, सील बदलले, दोन्ही बाजूंना मोजून सारखंच तेल. ब्रेकचे ड्रम लेथवर साफ करून नवे लायनर. अण्णांचा नियम साधा आहे. गाडी आधी थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग दिसली पाहिजे.

मग मागे गॅस शॉकअप, पण वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंतचं माप मूळच्याइतकंच, आणि स्प्रिंग शंभर किलोच्या गाडीची. मागे १.८५ ची नवी रिम जुन्याच हबवर स्पोकने बांधून घेतली. कारागिराने एकेक स्पोक ताणून आउट काढला, ते बघत मी तासभर बसलो. तिच्यावर ३.००-१८ टायर. पुढे २.७५-१८, त्याला जुनी रिम पुरते.

म्हणजे दोन्ही टायर फक्त पाव-पाव इंच रुंद. हो, एवढंच! पण गंमत बघा. मागचं चाक साधारण ६ मिलिमीटर वर आलं आणि पुढचंही तेवढंच. दोन्ही बाजू सारख्या उचलल्या, त्यामुळे फोर्कचा कोन होता तसाच राहिला. फक्त स्पीडोमीटर पुढच्या चाकावर चालतो, तो आता दोन टक्के कमी वेग दाखवतो. ट्रॅफिक पोलिसाला हे कारण सांगू नका!

शेवटी सॅग मोजला. हे तुम्ही घरीही करू शकता. चाक हवेत असताना मागच्या एक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत माप घ्या. मग नेहमीच्या कपड्यांत, हेल्मेट घालून बसा, मित्राला गाडी सरळ धरायला लावा आणि तेच माप परत घ्या. जो फरक येईल तो शॉकअपच्या एकूण चालीच्या पाव ते एक तृतीयांश असावा. जास्त असेल तर स्प्रिंग मऊ, अगदीच कमी असेल तर कडक. माझा सोनेरी अवतारात जवळजवळ शून्य होता.

आणि तो कायदा?

‘एवढ्या पाव इंचासाठी एवढा खटाटोप? आम्ही तर अख्खा ड्यूकचा फोर्क बसवणार,’ असं काही जण म्हणतील. होतं तसं, आणि हुशार माणसं ते छान करतातही. पण मग फोर्क, त्याला धरणारे वरचे-खालचे टी, एक्सल, चाक, डिस्क आणि कॅलिपर हे सगळं एकाच गाडीचं घ्या. पाच गाड्यांचे पाच तुकडे जोडू नका. लांबी मोजा, कोन मोजा, पुढे वाढलेलं वजनही मोजा. चाक, टायर आणि ब्रेक यांचं वजन स्प्रिंगच्या खालचं असतं. ते जितकं जास्त, तितकं चाकाला रस्त्याचा पाठलाग करणं अवघड.

आणि कायद्याचं बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं, की आरसीमधला तपशील कंपनीने मुळात दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओत उभं राहावं लागतं. तिथे इन्स्पेक्टरसाहेबांना तुमचा लुक आवडेलच असं नाही. म्हणून बदल करण्याआधी आरटीओत विचारा, इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवा आणि काढलेले जुने पार्ट विकू नका.

मार्केटला जाण्याआधी

१. आधी बाउन्स टेस्ट. गाडी दाबून सोडा. वर येऊन शांत झाली तर डॅम्पर जिवंत आहे. दोन-तीनदा डोलली तर टायरचा विचार सोडा, आधी शॉकअप बघा.

२. रिमवर कोरलेली रुंदी वाचा आणि ती टायरला चालते का, ते टायर कंपनीच्या तक्त्यात बघा. ‘बसतोय’ आणि ‘चालतोय’ यात फरक आहे.

३. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. स्वस्तात मिळणारा जुना टायर घेऊ नका.

४. पुढे एक प्रकार, मागे दुसरा, अशी रेडियल आणि साध्या टायरची खिचडी करू नका. बाणाची दिशाही बघून बसवा.

५. शॉकअप लांबी आणि वजन बघून घ्या. रंग सगळ्यात शेवटी.

६. एका वेळी एकच बदल करा आणि आठवडाभर चालवून बघा. सगळं एकदम बदललं, तर काय बिघडलं ते अण्णांनाही कळणार नाही.

७. घरात आणखी कोणी ती गाडी चालवत असेल, तर त्यांना बसवून दोन्ही पाय टेकतात का ते बघा. हा मुद्दा मी सातवा लिहिलाय, पण माझ्यासाठी पहिला आहे.

परवाची गोष्ट

डॉक्टरांनी ‘हरकत नाही’ म्हटल्यावर परवा बाबांना खाली घेऊन गेलो. गाडीपुढे ते थोडा वेळ नुसते उभे राहिले. मला वाटलं, नको म्हणतील. मग बसले. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकवले, गुडघा एकदा वाकवून पाहिला, किक मारली. पहिल्याच किकला सुरू! वरती गॅलरीत आई उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

परत आले ते तब्बल पाऊण तासाने. शर्टाला कट्ट्यावरच्या चहाचा डाग. हेल्मेट काढत म्हणाले, ‘‘छान झाली रे. जुने टायर परत लावलेस ना?’’

मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. किल्ली त्यांनी खिशातच ठेवली. सोमवारी मी बसने ऑफिसला गेलो.

चला मंडळी, या आठवड्यात एवढंच. विकेंडला घाटात जाणार असाल तर निघण्याआधी टायरमधली हवा तपासा, पावसात ब्रेक जपून मारा, आणि हेल्मेट डोक्यावर घाला, आरशावर नको. भेटू पुढच्या आठवड्यात!